जखमेचा डोळा

१० जून, सोमवार

आज नोकरीचा पहिला दिवस. कुरुंदवाडहून सकाळच्या एसटीने निघालो, शिरोली फाट्यावर उतरलो आणि तिथून वडापच्या जीपने टोपच्या पुढच्या माळावर आलो. वडापवाल्याला औषधी वनस्पतींचे संशोधन केंद्र म्हटल्यावर कळेना. मग तोच म्हणाला, हां, पाल्यावाल्या मॅडमकडं व्हय, आणि बरोबर फाटकासमोर उतरवले.

जागा फार आवडली. पूर्वी इथे फौंड्रीचे गोदाम होते. आता पांढरा रंग दिला आहे, पुढे तपासणीची खोली, मागे रुग्णांसाठी सहा खाटा, बाजूला वाळवण शेड आणि त्याला लागून माझी खोली. खाट, टेबल, खिडकी, सगळे आहे. खिडकीतून वेलींचा मांडव दिसतो. आल्या आल्या कपाट पुसून कपडे लावले.

मॅडम म्हणजे डॉ. संयोगिता. वनस्पतिशास्त्रात पुण्याला शिकल्या, वय चाळीसच्या आत असेल. चहा दिला आणि शिक्षण का सोडले ते विचारले. बारावी सायन्स अर्ध्यात सोडली, आबांची शुगर वाढली, घरात दुसरे कोणी नाही, हे सांगितले. त्यांनी माझे अक्षर पाहिले आणि म्हणाल्या, इथे हुशारीपेक्षा नीटपणा लागतो.

मी इथे का आलो हे लिहून ठेवतो. आबांच्या टाचेला जखम आहे, वर्ष होत आले, भरत नाही. डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली काढावा लागेल असे सांगितले आहे. मॅडमनी मुलाखतीतच कबूल केले की पहिल्या रुग्णांचा अनुभव चांगला आला तर आबांना इथे घेऊ. आबा एसटीच्या कुरुंदवाड डेपोत मेकॅनिक होते. निघताना मला म्हणाले, पाय गेला तर गेला, जॅक लावून उभा राहीन, तू तिथे लोकांच्या पाट्या सुधारत बसू नको. ते मला मास्तर म्हणतात. केंद्राच्या फाटकावर 'संशोधन' बरोबर लिहिले आहे, हे त्यांना फोनवर सांगितले. खूप हसले.

१३ जून, गुरुवार

काम समजले. मांडवावरच्या वेलीचे नाव सांधवेल. राधानगरीच्या जंगलात एका वैद्याच्या घराण्याला ती ठाऊक होती, बाहेर कोणाला नव्हती. पाने पानवेलीसारखी, पण जाड आणि पालथ्या बाजूने लालसर. मॅडमनी एक फांदी ब्लेडने कापून दोन्ही टोके नुसती एकमेकांना टेकवून ठेवली. आज सकाळी जोड सापडत नव्हता. मी नख फिरवून पाहिले, खरेच सापडला नाही.

पाला कडबाकुट्टीच्या यंत्रात बारीक करतात, मग रस काढून लेप होतो. यंत्र गोठ्यातलेच आहे, पण विजेवर चालते आणि पाते नवे आहे. मला मॅडमनी तीनदा बजावले की हात लांब ठेव. माझा हात लांबच असतो.

माझे मुख्य काम जखमा मोजण्याचे. जखमेवर पारदर्शक कागद ठेवायचा, कडेने रेघ मारायची, मग ती आकृती आलेखाच्या कागदावर उतरवायची. लेप लावून झाला की फोटो काढायचा आणि वरून चिकटपट्टी लावायची. रेघ थरथरली तर पुन्हा काढतो.

१७ जून, सोमवार

आज त्या घराण्यातले वैद्य आले. अण्णासो नाव, साठीचे, आवाज असा की फाटकातून बोलले तरी मागच्या खाटेवर ऐकू जावे. पान खातात, बोटांत अंगठ्या. आल्या आल्या सांगितले की किती पैलवानांची हाडे त्यांनी बसवली आहेत. मला 'कारकून' म्हणतात. मॅडमना बाईसाहेब.

दार लावून त्यांनी लेप तयार केला. वनस्पती सांगितली, पण रीत सांगत नाहीत. विद्या उघडी केली की औषधाचा गुण जातो, असे त्यांच्या घरात मानतात. वडिलांनीही त्यांना रीत सांगितली नव्हती, नुसती करून दाखवली होती. मॅडम हसून म्हणाल्या की यंत्राने सगळे घटक आधीच दाखवले आहेत. तेही हसले.

पहिले दोन रुग्ण घेतले. एक सयाजी, शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत कामाला, उजव्या तळहातावर वितळलेले लोखंड सांडले होते. बरोबर बायको धोंडुबाई, सारखी त्याला रागावत होती की हातमोजा घातला असता तर काय मर्दपणा कमी झाला असता काय. दुसरी यल्लव्वा, निपाणीकडची, हुपरीत चांदीच्या भट्टीवर काम करते, दंड भाजला आहे. दोघांना मॅडमनी सगळे समजावून सांगितले, मगच अंगठे घेतले.

एक गोष्ट खटकली. अण्णासोंनी दोघांनाही लेप सुंदर लावला, पण खालच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढी जागा कोरडी राहिली. दोघांच्याही जखमेत. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू दिसतो. बोललो असतो तर म्हाताऱ्याला चारचौघांत लागले असते, आणि मॅडमना सांगितले असते तर त्यांनी त्यांना सुनावले असते. ते बाहेर पान थुंकायला गेल्यावर मी चपट्या पट्टीने ती जागा भरून घेतली आणि मग फोटो काढला. आता सगळे नीट आहे.

२४ जून, सोमवार

आज पट्ट्या काढल्या. सयाजीचा तळहात बंद झाला आहे. खपली नाही, व्रण नाही, लहान मुलाच्या हातासारखी गुलाबी कातडी. यल्लव्वाचा दंडही तसाच. मॅडम बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या, मग खुर्चीत बसल्या. अण्णासोंचे जुने रुग्ण त्यांनी गावोगाव जाऊन पाहिले होते. त्यांच्या जखमा भरायला महिना लागत असे आणि शेवटी कडेला एक ओलसर ठिपका कायमचा राहत असे. आपले निकाल त्याहून कितीतरी चांगले आहेत. मॅडम म्हणाल्या, फरक पट्टीचा असेल आणि सम्राट, तुझ्या हाताचा.

अण्णासो आज आले नाहीत, तिकडे कोणाचे तरी लग्न होते.

आबांना फोन केला. म्हणाले, तुझ्या हाताचा गुण असेल तर माझ्या स्कूटरलाही लेप लाव.

१ जुलै, सोमवार

अण्णासो आले आणि सयाजीचा हात पाहिला. एवढा बोलका माणूस, तोंडातले पानही चावायचा थांबला. तळहात उलटासुलटा केला, खालच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग यल्लव्वाचा दंड पाहिला. मग माझ्याकडे वळले.

"डोळा कुणी मुजवला?" एवढेच म्हणाले.

मला आधी कळलेच नाही. मग कळले की त्या कोरड्या जागेला ते डोळा म्हणतात, आणि ती चुकून राहिली नव्हती. तोंडाने खोटे बोललो नाही, नुसती नकारार्थी मान हलवली. मॅडमनी विचारले, डोळा म्हणजे काय, का ठेवतात. ते म्हणाले, ठेवायचा असतो. मॅडम म्हणाल्या, कारण सांगा, आम्ही लिहून घेतो. त्यावर ते भडकले, असली विद्या बाजारात मांडायची नसते म्हणाले. शब्दाने शब्द वाढला आणि ते पायीच फाट्याकडे निघून गेले.

मॅडमच्या मते म्हाताऱ्याला वाईट वाटले, कारण आपल्याकडची जखम त्याच्याहून पूर्ण भरते. आता लेप प्रयोगशाळेतच करायचा आणि मी लावायचा. मला त्यांना सांगायचे होते की ती जागा मी भरली. पण निकाल तर चांगलाच आहे. सांगून काय झाले असते.

४ जुलै, गुरुवार

आबा आले. मॅडमनी शब्द पाळला; ते माझ्याच खोलीत राहतील. टाचेची जखम मॅडमनाही वाटली होती त्याहून खोल निघाली. मीच लेप लावला. आजवर कोणाला लावला नसेल असा लावला, आधी कडा, मग मधला भाग, मग पुन्हा कडा. केसाएवढीही जागा कोरडी ठेवली नाही. आबा म्हणाले, मास्तर, वेलांटी राहिली बघ कुठली तरी. मी भिंग घेऊन पुन्हा पाहिले. राहिली नव्हती.

१२ जुलै, शुक्रवार

आबा चालले. फाटकापर्यंत गेले, बाहेरच्या टपरीवर चहा घेतला, टपरीवाल्याच्या मोटारसायकलचा आवाज ऐकून त्याला कार्बोरेटर साफ कर म्हणून सांगितले आणि परत आले. टाच गुळगुळीत. मी शेडमध्ये जाऊन थोडा रडलो. पाय वाचला.

१५ जुलै, सोमवार

सयाजी दाखवायला आला. हाताची बोटे मुळाशी जोडल्यासारखी वाटतात म्हणाला. खरेच, करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट पहिल्या पेरापर्यंत एक झाले आहे. मध्ये रेघ आहे, पण फट नाही. भाजल्यावर कातडी आकसते, तसे असेल, असे मॅडमचे मत. त्यांनी दोन बोटांमध्ये कापूस ठेवायला सांगितला. धोंडुबाई म्हणाली, बरं झालं, आता एका अंगठीत दोन बोटं बसतील. सयाजी हसला नाही.

पाऊस लागून आहे. मांडवावरची वेल पत्र्यावर चढली.

१८ जुलै, गुरुवार

यल्लव्वा हुपरीहून आली. तिच्या कानातली फुले निघत नाहीत. भोके बुजली आहेत, आणि फुलांच्या दांड्या आत कातडीत अडकून बसल्या आहेत. नाकातल्या चमकीचेही तसेच. दंडावर लावलेल्या लेपाचा कानाशी काय संबंध, मॅडमनाही सांगता येईना. त्यांनी एका कानाची पाळी थोडी कापून फूल काढले. रक्त आले. मी बोळा घ्यायला वळलो, परत पाहिले तर पाळी मिटली होती. बोळा तसाच पांढरा राहिला.

मॅडमचे डोळे चमकले. पुन्हा कापून पाहू, असे त्या म्हणाल्या. यल्लव्वाने नको म्हटले. तरी कापले. यल्लव्वा कन्नडमध्ये आईला हाक मारत होती आणि मी तिचे डोके धरून होतो. मिटायला पहिल्यापेक्षाही कमी वेळ लागला. तिला इथेच खाटेवर ठेवून घेतले.

खोलीत येऊन आबांच्या पायाची बोटे पाहिली. सुटी आहेत. आबांनी विचारले, काय मोजतोस. म्हटले, काही नाही.

२० जुलै, शनिवार

जे झाले ते क्रमाने लिहितो.

सकाळी दहाच्या सुमाराला सयाजी एकटाच आला. हाताची सगळी बोटे एक होऊन फावड्यासारखी झाली होती, नखे एका रांगेत. डावी नाकपुडी बंद होती, कधी नव्हतीच अशी. तो मॅडमना म्हणाला, कापा. मॅडम म्हणाल्या, आधी फोटो घेऊ, मग भूल देऊन बघू. मी कॅमेरा आणायला गेलो.

शेडमधून कडबाकुट्टीचा आवाज आला. मी धावलो. त्याने यंत्र चालू केले होते आणि हात आत सारला होता. त्याला बोटे सुटी करायची होती, एवढेच करायचे होते बहुतेक, पण यंत्र ओढून घेते. मनगट गेले, मग पुढे. हाड चिरडण्याचा आवाज कडब्यासारखाच येतो, फरक काही नसतो. माझ्या तोंडावर, चष्म्यावर, भिंतीवर रक्त. मी खटका बंद केला तेव्हा कोपराखाली काही उरले नव्हते.

आणि रक्त थांबले. मी पाहत असताना. कडांची कातडी मध्याकडे सरकत गेली, पिशवीचे तोंड ओढावे तशी, आणि गोल गुळगुळीत थोटूक तयार झाले. सयाजी ते पाहत होता. ओरडला नाही. त्याने दुसऱ्या हाताने माझी कॉलर धरली आणि अगदी हळू विचारले, "आता काय काय बंद हुनार, सांग की."

धोंडुबाईला बोलावून त्याला घरी पाठवले. मॅडमनी कोणाला सांगायचे नाही असे बजावले. फोटो मात्र घेतले.

२२ जुलै, सोमवार

धोंडुबाई आणि सयाजीचे भाऊ सकाळी अण्णासोंना गाडीत घालून घेऊन आले. ओढूनच. भाऊ त्यांना विचारत होते, उतारा सांग. मी मध्ये पडलो आणि सगळ्यांसमोर सांगितले की डोळा मी मुजवला, यांनी ठेवला होता.

अण्णासो माझ्याकडे पाहत राहिले. तोंडातून रक्त येत होते, वाटेत मारले असावे. मग त्यांनी सांगितले. त्यांच्या घरात कोणी कोणाला सांगितले नसेल ते सांगितले. "ती भरायला लागली की तिला थांबायचं कळत न्हाय. एक वाट उघडी ठेवली की ती तिथंच राबत बसती, जल्मभर. वाट न्हाय ठेवली की मग अंगावर जे जे उघडं हाय ते भरती." एवढेच ठेवायचे असते, तांदळाएवढे. उतारा नाही. त्यांच्या वडिलांच्या हातून एकदा असे झाले होते. त्यांनी त्या माणसाला विळ्याने सोडवला. कसा सोडवला, हे कोणी विचारले नाही.

मी म्हटले, मग आधी का सांगितले नाही. ते म्हणाले, सांगितलं असतं तर गुण गेला असता.

हे ऐकून सयाजीचा भाऊ दगड घेऊन धावला. दुसऱ्याने काठी. मी फाटकाचा गज धरून उभा होतो, हात सुटेनात. अण्णासो पहिल्या दोन फटक्यांना शिव्या देत होते, मग नुसते हं हं करत होते, मग काठीचाच आवाज येत होता. धोंडुबाई थांबा म्हणून ओरडली तेव्हा थांबण्यासारखे काही नव्हते. त्यांच्या अंगाला वेल कधी लागली नसावी. त्यांचे रक्त कितीतरी वेळ वाहत राहिले, पावसाच्या पाण्यातून फाटकाबाहेर.

भाऊ पळाले. मॅडमनी पोलिसांना फोन केला. पंचगंगेचे पाणी महामार्गावर चढले आहे, वाट झाली की येतो म्हणाले.

आबांना सगळे सांगितले. तुमचाही डोळा मी ठेवला नाही, हेही. ते पायाकडे पाहत बसले. मग म्हणाले, "तू नीटच केलंस की. तुला वाकडं करायला येत न्हाय, ही तुझी खोड हाय."

दुपारी त्यांच्या टाचेत ब्लेडने डोळा पाडला. आता तरी राहील म्हणून. मिटला. पुन्हा पाडला. मिटला.

२३ जुलै, मंगळवार

धोंडुबाई नवऱ्याला घेऊन पुन्हा इथेच आली, जाणार कुठे. सयाजीचे ओठ सकाळी मिटले. एकच नाकपुडी उरली आहे. तिने कनवटीचा अडकित्ता काढला आणि ओठांची रेघ असावी तिथे लावला. सुपारी फोडतात तसा आवाज. तो श्वास घेतो, थोडे पाणी पितो, परत मिटते. ती परत लावते. दातही आता हिरडीखाली जात आहेत. ती रडत नाही. मध्येच त्याला म्हणते, हातमोजा घातला असता तर.

यल्लव्वाचे डोळे मिटले. तिला वाटते दिवे गेले. मी हो म्हणालो.

आबांची डावी नाकपुडी बारीक झाली आहे. मी पाहिले. त्यांना सांगितले नाही. त्यांना कळले आहे.

२४ जुलै, बुधवार

मॅडमना म्हटले, सगळ्यांना रुग्णालयात नेऊ. त्या नमुने बाटल्यांत भरत होत्या. म्हणाल्या, जगात कोणाकडे हे नाही, सम्राट, तुला कळतेय का.

दुपारी यल्लव्वा गेली. गुदमरून. तिचे बंद तोंड ती नखांनी फाडत होती, आणि ते तिच्या नखांमागोमाग मिटत होते. मी एक हात धरला होता. का धरला, माहीत नाही.

२५ जुलै, गुरुवार

सकाळ. धोंडुबाईच्या हातून अडकित्ता खोल गेला. सयाजी कापला जाऊन मेला असे तिला वाटले, ती त्याच्यावर पडली— तो उठला. जीभ तुटून आत होती आणि तोंड वरून मिटले होते. त्याने तिला बाजूला सारले. भिंतीला टेकवलेला लोखंडी गज उचलला.

मॅडम प्रयोगशाळेतून बाहेर येत होत्या. गज तोंडावर बसला. दात जमिनीवर पडले, मी ऐकले. मग त्याने लेपाचे भांडे घेतले. थोटकाने त्यांची मान दाबली आणि डाव्या हाताने लेप— तोंडात, नाकात, फुटलेल्या जागी सगळीकडे— नीट. माझ्याहून नीट. एक कणही कोरडा ठेवला नाही. त्या ताज्या जखमेवर किती लवकर—

त्यांचे पाय बराच वेळ हलत होते.

मग त्याने माझ्याकडे पाहिले. फाटक त्याच्या मागे. आबांना पाठुंगळी घेऊन वाळवण शेडमध्ये आलो, पत्र्याचे दार लावले, आत अडसर. धोंडुबाई बाहेर हाका मारते आहे, त्याला, मला नाही.

दुपार. गज दारावर. पत्रा आत वाकला आहे. रुग्णवाहिकेला फोन लागला, वडगावकडून वळसा घालून येतो म्हणाले. आबांची दुसरी नाकपुडीही गेली. तोंडाने घेतात. ओठांच्या कडा जवळ येत आहेत.

थोड्या वेळाने. ब्लेडने उघडले. माझ्या बोटालाही लागले. सलाइनची नळी घातली होती, मांसाने चिमटून सपाट केली. बोटांनी ओढून धरले की वाट राहते. ओढून धरतो. आबा माझ्याकडे पाहतात. डोळे अजून आहेत.

दारावरचे घाव थांबले. खाली फटीतून त्याचे गुडघे दिसतात. हलत नाहीत.

२६ जुलै

डाव्या हाताने लिहीत आहे. अक्षर वाईट आहे.

डोळा लागला. उजेड झाल्यावर जाग आली. उजवा हात आबांच्या तोंडात. दोन बोटे. निघत नाहीत. त्यांचे ओठ कुठे संपतात आणि माझे बोट— सुरुवातच नाही. ओढले तर दोघांनाही दुखते. बोटांच्या शेजारून वारा जातो, शिट्टीसारखा. बारीक होत चालला आहे.

गाडी आली नाही. फोन संपला.

आबा जागे आहेत. मी ब्लेड माझ्या बोटांवर ठेवले. त्यांनी मान हलवली. नको. माझा डावा हात धरला आणि गळ्याखाली नेला. दोन हाडांच्या मधला खळगा. तिथे टेकवून दाबला. कळले.

मला येत नाही हे. आबा, मला—

केले.

आली. हवा आली. फुसफुस आवाज, रक्ताचे बुडबुडे, छाती वर आली. आबांचे ओठ काळे होते ते— रंग येतो आहे. माझा हात दाबतात.

मिटू लागले. कडा सरकत आहेत. ब्लेडने पुन्हा. पुन्हा मिटते, आधीपेक्षा लवकर. नुसते कापून भागत नाही, ओढून धरले पाहिजे, सतत. उजवा हात त्यांच्या तोंडात आहे. धरायला हाच एक राहिला, लिहितो तो. आता तांदळाएवढेच उरले आहे, पेन ठेवतो, बोट आत घालून ओढू